मुक्कामी सहल आणि माहितीपत्रकातला कोरा रकाना

मुलांच्या मुक्कामी सहलीला सोबत म्हणून जाणाऱ्या पालकाला दिवसाची फारशी चिंता नसते. दिवसा शिक्षक असतात, कार्यक्रम ठरलेला असतो आणि मुले एकमेकांत रमलेली असतात. खरे काम दिवे मालवल्यावर सुरू होते, आणि ते किती नीट पार पडेल हे इतर पालकांनी आपल्या मुलाविषयी आधी काय सांगितले आहे यावर पुष्कळसे अवलंबून असते.

सहलीपूर्वी भरून घेतल्या जाणाऱ्या माहितीपत्रकात ॲलर्जी, दमा, गाडी लागणे हे सारे पालक काळजीपूर्वक लिहितात. रात्रीच्या सवयींचा रकाना मात्र बहुधा कोरा असतो. अंथरुणात लघवी होणे, झोपेत चालणे, ओरडत उठणे या गोष्टी सांगायला घरच्यांना संकोच वाटतो आणि एका रात्रीपुरते निभावून जाईल या आशेवर त्या लिहायच्या राहतात. वास्तविक वयाच्या सातव्या वर्षी साधारण 5 ते 10 टक्के मुलांचे अंथरूण रात्री ओले होते. वय वाढते तसे हे प्रमाण घटत जाते, पण लहान वर्गांच्या कोणत्याही मोठ्या गटात असे एखादे मूल असणार हे धरूनच चालावे. यात मुलाचा आळस नसतो आणि आईवडिलांच्या वळण लावण्यातही काही कमी पडलेले नसते.

ही माहिती दडवण्यात केवळ गैरसोय नाही, कधीकधी धोकाही आहे. अशा काही मुलांना डॉक्टरांनी डेस्मोप्रेसिन हे औषध दिलेले असते. त्याच्या परिणामाने मूत्रपिंडे शरीरातले पाणी धरून ठेवतात. म्हणून गोळी घेण्याआधी एक तास आणि घेतल्यानंतर आठ तास पाणी अगदी मोजके प्यायचे असते, नाहीतर रक्तातील सोडियम धोकादायक पातळीपर्यंत खाली येऊ शकते. आता दिवसभर उन्हात हिंडून आलेल्या मुलांना निजण्यापूर्वी भरपूर पाणी प्या असा आग्रह सोबतची कोणतीही काकू करणारच. मुलाने गोळी गुपचूप दप्तरातून काढून घेतली असेल, तर तिचा तो मायेचा आग्रहच घातक ठरू शकतो.

आधी ठाऊक असेल तर सगळेच सोपे होते. मी अशा मुलीला दाराजवळची जागा देते, निजण्यापूर्वी सर्वच मुलींना स्वच्छतागृहात जाऊन यायला सांगते, म्हणजे ती एकटी उठून दिसत नाही, आणि कपड्यांचा एक जादा जोड तिच्या पांघरुणातच ठेवायला लावते. तरीही अंथरूण ओले झालेच, तर दुसऱ्या एका मोठ्या व्यक्तीला उठवल्याशिवाय मी पुढे काही करत नाही. बंद दाराआड कोणत्याही मुलासोबत एकच प्रौढ असू नये, हा नियम मुलाच्या सुरक्षिततेसाठी आहे आणि तो मध्यरात्रीही तितकाच लागू असतो.

झोपेत चालणाऱ्या मुलाचेही तसेच. हा प्रकार बहुधा रात्रीच्या पहिल्या एक तृतीयांश भागात, झोप सर्वांत गाढ असताना घडतो. त्याला हलवून जागे करण्याची गरज नसते. हलकेच वळवून अंथरुणावर परत आणले की पुरते. मात्र त्याला दुमजली पलंगावर वर निजवायचे नाही आणि जिन्याकडचे दार बंद ठेवायचे, हे संध्याकाळीच ठरवावे लागते.

घरच्या आठवणीने रडणाऱ्या मुलांविषयी माझे मत थोडे कठोर वाटेल. ‘करमले नाही तर लगेच घ्यायला येईन’ असे वचन मुलाला देऊन पाठवू नये, असे मी प्रत्येक पालकाला सांगते. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या 2007 सालच्या अहवालातही असे वचन देऊ नये, असाच सल्ला आहे, कारण त्यातून मुलाला हेच ऐकू येते की आईवडिलांना आपला भरवसा नाही. रात्री फोनवर आईचा आवाज ऐकला की आवरलेले रडू बहुधा पुन्हा उसळते. मी अशा मुलाजवळ बसते, उद्याच्या कार्यक्रमात त्याच्याकडे काय काम आहे ते बोलते, आणि झोप लागेपर्यंत हलत नाही. ताप, उलटी, दुखापत असे काही असेल तर अर्थातच घरी ताबडतोब कळवायचे, वेळ कोणतीही असो.

माझी स्वतःची मुलगी या सगळ्यात दुसऱ्या खोलीत, दुसऱ्या काकूच्या देखरेखीखाली असते. ही मांडणी मी मुद्दाम मागून घेते, कारण आई खोलीत असली की तिला मैत्रिणींत मिसळता येत नाही आणि माझेही लक्ष इतर मुलींवर सारखे राहत नाही. मी सोबत असले तरी तिचे माहितीपत्रक मात्र पूर्ण भरून देते.

परतल्यावर रात्री जे घडले ते त्या मुलाच्या आईवडिलांना बाजूला घेऊन, समोरासमोर सांगायचे असते. पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर त्याचा उल्लेखही करायचा नसतो. वर्गशिक्षकांनाही तेवढेच खाजगीत सांगून ठेवले, तर पुढच्या मुक्कामाला सोबत जाणाऱ्या पालकाला त्या मुलाला कोणती जागा द्यायची हे आधीच ठरवता येते.