आधी कोणाचा डेटा?

शनिवार, रात्री

आज दिवसभरात एकही फाइल परत आली नाही. तरी मला विचाराल तर या अख्ख्या रिस्टोरमधलं, म्हणजे सायबर हल्ल्यात गेलेला कंपनीचा डेटा बॅकअपवरून परत आणण्यातलं, सगळ्यात मोलाचं काम आजच झालं, म्हणून झोपण्याआधी लिहून काढते.

हल्ला करणाऱ्यांनी घाई केलेली नव्हती. स्टोरेजवरचे स्नॅपशॉट, म्हणजे आधीच्या वेळेच्या जपलेल्या प्रती, आधी पुसले, मग डिस्कवरचा बॅकअप निकामी केला, बॅकअप सर्व्हर बंद पाडला आणि शेवटी सगळी सामाईक फोल्डरं एनक्रिप्ट केली, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाहीत अशी करून टाकली. दुसऱ्या जागी जी प्रत आपोआप जात होती, तिच्यावरही काही मिनिटांत तोच कचरा जाऊन बसला. प्रत करणाऱ्या यंत्रणेला चांगलं-वाईट कळत नाही. राहिल्या त्या टेपा, म्हणजे बॅकअपच्या चुंबकीय फितींची कार्ट्रिजं. त्या लायब्ररीतून, म्हणजे रोबोटने टेपा लावणाऱ्या यंत्रातून, काढून वेगळ्या इमारतीतल्या तिजोरीत ठेवलेल्या होत्या. कपाटातल्या टेपेला नेटवर्कवरून कोणी हात लावू शकत नाही.

पेट्या आल्या तेव्हा आमचा ज्युनिअर लगेच म्हणाला, "मॅडम, भरू का लायब्ररीत?"

"थांब जरा. आधी प्रत्येकीचा टॅब सरकव."

कार्ट्रिजच्या कडेला एक छोटा सरकता टॅब असतो. तो लॉकवर केला की ड्राइव्ह त्या टेपेवर काहीही लिहीत नाही, मग सॉफ्टवेअर कितीही आदेश देवो. जुन्या टेपा नव्या सर्व्हरला दाखवण्याआधी हे करायलाच हवं. नव्या सर्व्हरला त्या टेपा ओळखीच्या नसतात. एखादीला तो कोरी समजला तर तिच्यावर लिहायला सुरुवात करेल. एकेक टेप हातात घेऊन टॅब सरकवला, बारकोड रजिस्टरशी ताडून पाहिला, आणि मग त्या सर्व्हर रूममध्येच नुसत्या ठेवून दिल्या. तिजोरीची खोली आणि सर्व्हर रूम यांच्या तापमानात, दमटपणात फरक आहे. टेपेला नव्या हवेची सवय होऊ द्यावी लागते. वरिष्ठांना ते थांबणं बघवत नव्हतं. मी बधले नाही.

मधल्या वेळात बॅकअप सर्व्हर नव्याने उभा केला. सॉफ्टवेअर चढलं, लायब्ररी दिसली, रोबोटने बारकोड वाचले. पण कोणती फाइल कोणत्या टेपेवर, कुठे आहे हे सांगणारा कॅटलॉग जुन्या सर्व्हरबरोबरच गेला होता. कॅटलॉग नसेल तर एकच रस्ता उरतो: एकेक टेप लावायची आणि ती वाचून यादी नव्याने बांधायची. आमच्या टेपा एलटीओ-८ आहेत, म्हणजे एलटीओ या प्रमाणित प्रकारातल्या आठव्या पिढीच्या. एकीवर १२ टीबी मावतात आणि ड्राइव्ह सेकंदाला फार तर ३६० एमबी वाचतो. म्हणजे भरलेली टेप पूर्ण वाचायला सव्वानऊ तास, तेही कुठे अडखळली नाही तर. अशा टेपांची पेटी समोर आहे म्हटल्यावर नुसती यादी बांधण्यात किती काळ जाईल ते सांगायला नको.

सुदैवाने ज्याने ही व्यवस्था लावून दिली त्याने दोन गोष्टी नीट केल्या होत्या. रोज रात्री शेवटी कॅटलॉगचा बॅकअप टेपेवर जायचा, आणि ती टेप कोणती याची नोंद हाताने रजिस्टरमध्ये व्हायची. दुसरी गोष्ट एनक्रिप्शनच्या किल्लीची. टेपांवरचा डेटा एईएस-२५६ या एनक्रिप्शन पद्धतीने बंद केलेला आहे. किल्ली नसेल तर बनवणारी कंपनीसुद्धा तो उघडू शकत नाही. किल्ल्या सांभाळणारा सर्व्हर हल्ल्यात गेलेल्यांपैकीच एक. पण किल्लीची छापील प्रत सीलबंद पाकिटात तिजोरीत होती. आम्ही दोघांनी अक्षरन्‌अक्षर मोठ्याने वाचत ती भरली. त्या माणसाला आज फोन करून आभार मानले. तो आता दुसरीकडे असतो.

कॅटलॉग परत आल्यावर पहिला आदेश कुठल्याच फाइलसाठी नव्हता. टेपांची मुदत संपवणारं काम आधी बंद केलं. कॅटलॉगमध्ये प्रत्येक बॅकअपची मुदत लिहिलेली असते. ती उलटून गेलेली असली तर सॉफ्टवेअर नेहमीच्या शिस्तीने त्या नोंदी काढून टाकतं आणि टेप 'पुन्हा वापरायला मोकळी' म्हणून जाहीर करतं. रोजच्या दिवसात ते हवंच असतं. आज ते चाललं असतं तर कष्टाने मिळवलेली यादी डोळ्यांदेखत गाळली गेली असती.

रविवार, पहाटे

डेटाची पहिली टेप ड्राइव्हमध्ये गेली. तो आवाज मला आवडतो. रोबोटचा हात येतो, कार्ट्रिज आत सरकतं, पकड बसल्याचा खट् आवाज, मग टेप ताणून घेतल्याची बारीक गुणगुण.

ही टेप ९६० मीटर लांब असते, पण ड्राइव्ह ती एकदाच वाचून थांबत नाही. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जातो, हेड, म्हणजे टेप वाचणारा भाग, जरासं सरकवतो, उलटा येतो, पुन्हा सरकवतो. एलटीओ-८ मध्ये अशा २०८ फेऱ्या होतात. पूर्ण टेप वाचेपर्यंत हेडखालून जवळजवळ २०० किलोमीटर फीत सरकून गेलेली असते. डिस्कवर कुठलीही फाइल मागा, ती लगेच समोर येते. टेपेवर मात्र तिथपर्यंत जावं लागतं, आणि नुसतं जाण्यातच मिनिटभर मोडू शकतं. म्हणून टेपेकडून जे काही मागायचं ते तिच्या क्रमाने मागावं. तसं मागितलं तर ती डिस्कलाही मागे टाकेल अशा वेगाने देते. आपल्या लहरीने मागितलं तर सगळा वेळ पुढे-मागे धावण्यात जातो.

गोची इथेच आहे. टेपेचा क्रम एक आणि माणसांच्या गरजेचा क्रम दुसरा.

काल संध्याकाळच्या बैठकीत प्रत्येक विभागाने आपापलं पहिल्या नंबरावर सांगितलं. कोणीच खोटं बोलत नव्हतं. पगाराची तारीख तोंडावर आहे, ड्रॉइंग्जशिवाय कारखान्यातलं काम थांबलंय, करारांशिवाय कायदा विभागाला उत्तर देता येत नाही. पण या सगळ्याच्या आधी लॉगिनची यंत्रणा यायला हवी, म्हणजे ॲक्टिव्ह डिरेक्टरी (वापरकर्ते आणि त्यांच्या परवानग्यांची नोंद) आणि डीएनएस (नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणारी सेवा). त्यांच्याशिवाय फोल्डरं परत आली तरी कोणाला उघडता येणार नाहीत; परवानग्यांच्या जागी नावं न दिसता नुसते लांबलचक आकडे दिसतील. हे समजावण्यात बैठकीचा बराच वेळ गेला. 'ज्याची कोणी मागणी केली नाही तेच सगळ्यात आधी' हे ऐकायला कोणालाच गोड लागत नाही.

त्यात आमचा बॅकअप मिसळलेला. रात्री टेप ड्राइव्ह उपाशी राहू नये म्हणून चार-पाच सर्व्हरांचा डेटा एकाच वेळी, तुकड्यातुकड्याने, एकाच टेपेवर लिहिला जातो. चार वह्यांची पानं एकाआड एक रचून एकच गठ्ठा बांधावा तसं. बॅकअप घेताना याचा फायदा होतो, रात्रीचं काम रात्रीत उरकतं. आता एकट्या पगाराच्या सर्व्हरचा डेटा हवा तर ड्राइव्हला बाकीच्यांची पानं ओलांडत जावं लागतं, त्यामुळे आपल्या पदरात वेगाचा एक हिस्साच पडतो. यावर उपाय एकच: एकाच टेपेवर ज्यांचा डेटा आहे ते सगळे सर्व्हर एकदमच मागायचे, म्हणजे टेप एकदाच फिरते. मी रात्री बसून कॅटलॉगमधून टेपांची यादी काढली, तिच्यासमोर विभागांची यादी ठेवली आणि दोन्ही जिथे जिथे जुळल्या तिथे खुणा केल्या. ड्रॉइंग्जचा नंबर कायदा विभागाच्या आधी लागला तो एवढ्यासाठीच की ती पगाराच्याच टेपेवर होती. कायदा विभागाला सकाळी मी हे असंच, न लपवता सांगणार आहे.

रविवार, रात्री

टेप पळायला तयार आणि स्टोरेज घ्यायला तयार नाही, असा आजचा दिवस.

ड्रॉइंग्जच्या मोठ्या फाइली झरझर उतरल्या. मग स्कॅन केलेल्या पावत्यांची फोल्डरं लागली. लाखो लहानलहान फाइली, प्रत्येकीसाठी स्टोरेजने नवी नोंद करायची, परवानग्या लावायच्या, तारखा बसवायच्या. वेग कोसळला. समोरून डेटा उचलला जात नसेल तर ड्राइव्हचा बफर (डेटा तात्पुरता धरून ठेवण्याची जागा) भरतो, मोटर थांबते, टेप जरा मागे जाते, पुन्हा वेग घेते, पुन्हा थांबते. आवाजावरून लगेच कळतं: अखंड गुणगुणीच्या जागी घुर्र, टक्, घुर्र. यात वेळ तर जातोच, टेप आणि हेड दोन्ही झिजतात. एकुलती एक शाबूत प्रत अशी घासली जाताना ऐकणं मला सहन होत नाही.

म्हणून मधे एक थांबा घातला. टेपेवरून आधी वेगवान एसएसडी डिस्कवरच्या एका तुकड्यावर बॅकअपची अख्खी प्रत जशीच्या तशी उतरवायची आणि तिथून फाइली सुट्या करून स्टोरेजवर न्यायच्या. टेप आपल्या वेगाने मोकळी होते, लहान फाइलींचं रडगाणं डिस्क-डिस्कमध्ये चालतं. त्या सर्व्हरवर दर फाइल तपासणारा अँटिव्हायरसही रिस्टोरच्या वाटेतून बाजूला केला. तपासणी नंतर, बाकीच्यांपासून तोडलेल्या वेगळ्या नेटवर्कमध्ये, एकत्र करायची. स्टोरेजचे स्नॅपशॉट तात्पुरते बंद ठेवले, नाहीतर उतरवतानाच जागा खाल्ली जाते. जागेचा अंदाजही नव्याने मांडला. जुन्या स्टोरेजवर डीड्युप्लिकेशन होतं, एकाच मजकुराच्या दहा प्रती एकदाच साठवल्या जायच्या. टेपेवर मात्र त्या दहाही पूर्ण लिहिल्या आहेत, आणि परत येतानाही दहाच येतात.

सोमवार

हिशेब विभागाच्या मॅडम दारात येऊन उभ्या. "आमचं फोल्डर कधी येईल हो? नक्की वेळ सांगा, मी त्याप्रमाणे लोकांना बोलावते."

मी त्यांना आत बसवलं आणि स्क्रीन दाखवली. आधी शेवटचा पूर्ण बॅकअप, मग त्यानंतरच्या प्रत्येक रात्रीचा फक्त बदललेला भाग, ओळीने. मधली एक रात्र वगळली तरी चालत नाही. आणि त्यात पुसलेल्या फाइली पुन्हा उगवतात, नाव बदललेलं फोल्डर दोन्ही नावांनी दिसतं. ते आवरायला त्यांच्याच माणसांनी बसावं लागेल. त्यांनी लगेच दोन जणांची नावं दिली. तासाचा अंदाज मी दिला, तोही सैल धरून. 'लवकरच होईल' हे उत्तर मी या दिवसांत कोणालाही देत नाही. माणसं उशीर सोसतात. दिलेला शब्द फिरला की मात्र विश्वास उडतो, आणि मग दर दहा मिनिटांनी फोन येतो.

कुठल्या दिवसापर्यंतचं परत घ्यायचं हाही वाद झाला. घुसखोर आत आला तो दिवस आणि त्याने घाव घातला तो दिवस यांत बरंच अंतर आहे. आम्ही ठरवलं ते असं: प्रोग्राम आणि ऑपरेटिंग सिस्टिम टेपेवरून आणायचीच नाही, ती नव्याने चढवायची. कागदपत्रं मात्र शेवटच्या चांगल्या रात्रीपर्यंतची, तपासून. डिरेक्टरी त्या घुसखोरीच्या आधीच्या तारखेची, आणि वर सगळे पासवर्ड नवे.

जेवताना ज्युनिअरने विचारलं, मोठमोठ्या कंपन्या अजून टेप वापरतात का. त्याला २०११ च्या फेब्रुवारीतली जीमेलची गोष्ट सांगितली. स्टोरेजच्या सॉफ्टवेअरमधल्या एका चुकीने काही खात्यांतली पत्रं नाहीशी झाली. गूगलकडे प्रती एकाहून अधिक ठिकाणी होत्या, पण चूक त्या सगळ्यांपर्यंत पोहोचली. ०.०२ टक्के वापरकर्त्यांची पत्रं शेवटी टेपांवरून परत आणली, कारण टेपा ऑफलाइन होत्या. आणि दक्षिण कोरियात, देजॉनच्या सरकारी डेटा सेंटरला २०२५ च्या सप्टेंबरमध्ये लागलेल्या आगीत सरकारी कर्मचाऱ्यांच्या जी-ड्राइव्ह या ऑनलाइन साठ्यावरचा ८५८ टीबी डेटा गेला. त्याची बाहेर कुठेही प्रत नव्हती. तो आकडा ऐकून पोराने समोरच्या पेटीकडे पाहिलं आणि मनातल्या मनात भागाकार केला. "म्हणजे आपल्या मापाने बहात्तर टेपा," तो म्हणाला. बरोबर होतं.

मंगळवार, रात्री

एक टेप वाचताना अडली. ड्राइव्हमध्ये क्लीनिंग कार्ट्रिज फिरवलं, तरी त्याच जागी चूक. दुसऱ्या ड्राइव्हमध्ये लावली तेव्हा हळूहळू, पुन्हापुन्हा प्रयत्न करत तिने बराचसा भाग दिला. जो दिला नाही तो आदल्या पूर्ण बॅकअपच्या टेपेवरून घेतला. म्हणजे तेवढ्या फाइली जुन्या तारखेच्या आहेत. त्यांची नावानिशी यादी करून संबंधित विभागांना आजच पाठवली. नऊशे फाइलींतल्या कोणत्या जुन्या आहेत हे माहीत असणं वेगळं, आणि महिन्याने कोणीतरी चुकीच्या आकड्यावर सही केल्यावर ते कळणं वेगळं. अशी यादी न देता 'सगळं आलं' म्हणणाऱ्या लोकांचा मला राग येतो.

जुन्या प्रकल्पांची ड्रॉइंग्ज एलटीओ-६ वर निघाली. एलटीओ-८ चा ड्राइव्ह फक्त एक पिढी मागची टेप वाचतो, म्हणजे ७ ची. ६ ची टेप त्याच्या दृष्टीने निरुपयोगी. कपाटात एलटीओ-७ चा एक ड्राइव्ह जपून ठेवलेला होता, तो ६ वाचतो. तो चालू झाला तेव्हा आम्ही दोघांनी टाळ्या वाजवल्या.

आता पुढचं. परत आलेल्या डेटाची अजून एकही नवी प्रत नाही, म्हणून पूर्ण बॅकअप आज रात्रीच लावलाय. पण जुन्या पद्धतीने लावलेला नाही. डिरेक्टरी आणि पगार यांना स्वतःच्या टेपा दिल्या, त्यांच्यात दुसऱ्या कोणाचा तुकडा मिसळणार नाही. ज्यांना घाई नाही ते सर्व्हर खुशाल एकत्र. रात्रीचं काम त्यामुळे लांबेल, सकाळी थोडं उशिरा संपेल, हे वरिष्ठांना लिहून कळवलं आणि त्यांनी मान्यही केलं. विभागांच्या क्रमाचा कागद यावेळी प्रत्येकाच्या सहीने तिजोरीत जाईल, किल्लीच्या पाकिटाशेजारी. कायदा विभागाने दुसरा नंबर मागितला आहे. उद्या अकराला त्यावर बैठक आहे, आणि मला वाटतं त्यांचं म्हणणं बरोबर आहे.