आजोबांच्या नावाचे मीटर

गोव्यातील डिचोली तालुक्यातल्या आमच्या घराचे वीजबिल आजही आजोबांच्या नावाने येते. त्यांना जाऊन एकवीस वर्षे झाली, पण छपरावर सौर संच बसवण्याचे धाकट्या काकांनी मनावर घेईपर्यंत याची अडचण कोणालाच जाणवली नव्हती.

फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,०००, असे एकूण ७८,००० रुपयांचे अनुदान मिळते. तीन किलोवॅटचा संच, पावसाळा सोडल्यास, महिन्याला सुमारे ३०० युनिट देतो. आपल्याकडे दर टप्प्याटप्प्याने चढत जात असल्यामुळे त्यातून आधी वरच्या टप्प्यातील महागडे युनिट वाचतात. गोव्याची बहुतेक वीज कोरबा, विंध्याचल अशा दूरच्या कोळसा केंद्रांतून येते आणि तो खर्च शेवटी बिलावरच पडतो, म्हणून ही योजना मला मनापासून योग्य वाटते.

परंतु अर्जदाराचे आणि बिलावरचे नाव जुळावे लागते. नाव बदलायचे तर सगळ्या वारसांची संमती हवी, आणि इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांमधली कायदेशीर वाटणी, न झालेल्या सामाईक घराचे वारस मुंबईपासून लिस्बनपर्यंत विखुरलेले असतात. ज्या मुंडकाराचा, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवरील घरात राहणाऱ्याचा, घराचा दावा मामलेदारांपुढे पडून आहे, त्याची अवस्था तर याहून बिकट आहे. घरात प्रत्यक्ष राहून बिल भरणाऱ्याच्या नावावर, मालकी हक्काला बाध न आणता, मीटर करून देण्याची सोय वीज खात्याने पंचायतीतच शिबिरे घेऊन केली, तर अनुदानाचा लाभ अशा शेकडो घरांना घेता येईल.

चुलतभावाच्या पिठाच्या गिरणीला हे अनुदान नाही, कारण ते केवळ घरांसाठी आहे. केंद्राच्या २०२३ च्या नियमांनी उन्हाच्या तासांत वीज १० ते २० टक्के स्वस्त आणि मागणीच्या ऐन वेळी तेवढीच महाग ठेवण्यास सांगितले आहे. पण दळण घेऊन माणसे येतात ती कामावरून परतल्यावर, संध्याकाळी. लहान व्यावसायिकांच्या छपरांनाही काही आधार मिळायला हवा, असे मला ठामपणे वाटते.

आमच्या सात वारसांपैकी पाच जणांच्या सह्या झाल्या आहेत. आत्या चतुर्थीला गावी येणार आहे, तेव्हा सहावी होईल. लिस्बनच्या काकांना कागद टपालाने पाठवले आहेत.