बाई, तुमचं चुकलं!
आज दुसरीच्या वर्गात पुस्तक उघडलंच नाही. लांबी मोजणं शिकवायचं होतं, तर म्हटलं चला, आपापल्या वितीने फळा मोजा, आणि मग काय, अख्खा वर्ग फळ्याला चिकटला. कोणाच्या 17 विती भरल्या, कोणाच्या 19, आणि मी मोजला तर 12 च! "बाई, तुमचं चुकलं" चार-पाच जण एकदम ओरडले. मी काही बोलले नाही, नुसता हात पुढे केला. एका मुलीने तिचा इवलासा पंजा माझ्या पंजावर टेकवला, बोटांची टोकं निरखून बघितली आणि हळूच म्हणाली, "बाईंची वीत मोठीये."

मग मीटरपट्टी काढली. आता कोणीही मोजा, उत्तर तेच. 100 सेंटीमीटर म्हणजे 1 मीटर वगैरे पुढे येईलच, पण सगळ्यांना एकच माप का लागतं हे पोरांनी स्वतः शोधलं, मला खरंच खूप भरून आलं.

उद्या सगळ्यांना घरून चिंचोके आणायला सांगितलेत, दहा-दहाच्या पुड्या बांधून दशक-एकक करायचंय. शाळा सुटली तरी दोघं जण व्हरांड्यातला खांब वितीने मोजत होते.