कारवानी, क्लब आणि रक्ताचा रिपोर्ट

कारवानी म्हणा नाहीतर मुधोळ म्हणा, माझ्या लेखी कुत्रं एकच आहे, आणि त्याच्या नावावरून जेवढी भांडणं होतात त्याच्या निम्म्याने जरी त्याच्या तब्येतीवर बोलणं झालं असतं तरी खूप झालं असतं. केनेल क्लब ऑफ इंडिया त्याची नोंद कॅरव्हान हाउंड म्हणून करतो, इंडियन नॅशनल केनेल क्लब मुधोळ हाउंड म्हणून करतो, आमच्या लातूर-नांदेडकडे सगळे कारवान किंवा कारवानी म्हणतात आणि कानाला, शेपटीला, पायाला मऊ लांब केस असले की पश्मी. मामाचं गाव चाकूर तालुक्यात, तिथं शेतावर हे कुत्रं कायम असायचंच, आणि आता पुण्यात माझ्याकडे बिजली आहे, त्याच भागातली. त्यामुळे हा विषय निघाला की मला गप्प बसवत नाही.

इतिहास सांगताना सगळे कारवांपासून सुरुवात करतात, म्हणजे इराण-अफगाणिस्तानकडून दख्खनमध्ये येणाऱ्या व्यापाऱ्यांच्या तांड्यांबरोबर ही कुत्री आली आणि इथंच राहिली. याला कागद कोण दाखवणार, पण सलुकी या अरबस्तान-इराणकडच्या शिकारी कुत्र्याचा फोटो आणि कारवानीचा फोटो शेजारी ठेवून बघा, लांबट अरुंद डोकं, खोल छाती, खपाटीला गेलेलं पोट, नर म्हणाल तर ६८ ते ७२ सेंटिमीटर उंच. हे कुत्रं वास काढत मागावर जाणारं नाही, ते नजरेनं शिकार धरतं, माळावर ससा उठला की तो दिसेनासा व्हायच्या आत गाठायचा हेच त्याचं काम. धनगर, पारधी, बेरड अशा लोकांनी हे पिढ्यानपिढ्या सांभाळलं, वंशावळ कुणी लिहून ठेवली नाही पण निवड मात्र फार कडक होती, जे कुत्रं दोन कोसांत दमतं, ज्याचे पाय खडकाळ रानात टिकत नाहीत, त्याची पिल्लं कोण कशाला ठेवेल. भाकरी आणि ताक-दुधावर, उन्हातान्हात, औषधाशिवाय जे टिकलं तेच पुढं गेलं.

मुधोळचं नाव जोडलं गेलं ते घोरपड्यांमुळे. आता ते गाव कर्नाटकात बागलकोट जिल्ह्यात येतं, पण तेव्हा ते मराठा संस्थान होतं आणि राजे मालोजीराव घोरपडे यांनी आसपासच्या लोकांकडची ही कुत्री बघून त्यांची मुद्दाम पैदास सुरू केली, इंग्लंडच्या पंचम जॉर्जना त्यांनी एक जोडी भेट दिली आणि तिथून हे नाव रूढ झालं असं सांगतात. पुढं २००५ मध्ये पोस्टाने चार देशी जातींची तिकिटं काढली त्यात हिमालयन शीपडॉग, रामपूर हाउंड आणि राजपालयमबरोबर मुधोळ होतं. मुधोळजवळ थिम्मापूरला बीदरच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचं संशोधन केंद्र आहे, मेरठला लष्कराने ही कुत्री ट्रेनिंगला घेतली, २०२० मध्ये पंतप्रधानांनी मन की बातमध्ये नाव घेतलं. एवढं सगळं झालं हे चांगलंच झालं, मला मनापासून आनंद आहे.

पण त्याबरोबर मागणी आली. आणि मागणी आली की जो तो पिल्लं विकायला लागतो, एकाच गाजलेल्या नराकडे सगळ्या गावच्या माद्या जातात, मग त्याच्याच मुलीला परत त्याच्याकडे, कुणी रेससाठी ग्रेहाउंड या विलायती शर्यतीच्या कुत्र्याचा संकर करतो आणि ते पिल्लू प्युअर कारवानी म्हणून फेसबुकवर जातं. शिकारीला १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बंदी आहे आणि ती असायलाच पाहिजे, ससे-हरणं मारून कुत्र्याची जात वाचवायची नाहीये आपल्याला. फक्त एक गोष्ट लक्षात घ्या, माळरान जी चाळणी लावत होतं ती आता राहिली नाही. आता निवड कोण करतं, तर शोमधला जज आणि पिल्लू घेणारा माणूस, आणि दोघंही बघतात रंग, उंची, चेहरा. मग ते चाळणीचं काम दुसऱ्या कुणीतरी करायला पाहिजे ना, आणि माझ्या मते जातीचा क्लब असलाच तर तो याच कामासाठी असावा.

याबाबतीत मला बसेंजीचं उदाहरण सगळ्यात जवळचं वाटतं. बसेंजी म्हणजे काँगोकडचं शिकारी कुत्रं, छोटं, भुंकत नाही म्हणून प्रसिद्ध. १९३० च्या दशकात ते इंग्लंडला नेलं गेलं, १९३७ मध्ये तिथल्या क्रफ्ट्स या मोठ्या श्वान प्रदर्शनात ते बघायला झुंबड उडाली, मग अमेरिकेत गेलं, १९४२ मध्ये तिथं क्लब झाला. सगळं रीतसर, पण आफ्रिकेतून आलेली मूळची कुत्री मूठभर आणि नोंदवही बंद, म्हणजे त्या मूठभरांच्याच वंशजांमध्ये पैदास चालू. झालं काय, तर आधी रक्तपेशी फुटण्याचा एक आनुवंशिक आजार निघाला. त्याच्यासाठी टेस्ट आली, लोकांनी वाहक कुत्री, म्हणजे स्वतः आजारी नसूनही पिल्लांना तो दोष देऊ शकणारी, पैदाशीतून काढून टाकली, त्याने आधीच छोटा असलेला गट अजून छोटा झाला, आणि मग फॅन्कोनी नावाचा किडनीचा आजार डोकं वर काढायला लागला, त्यात किडनीतून साखर आणि शरीराला लागणारी बाकीची द्रव्यं लघवीवाटे निघून जातात आणि कुत्रं झिजत जातं. हा आजार चांगलं चार-पाच वर्षांचं झाल्यावर दिसतो, म्हणजे तोवर त्याची पिल्लं होऊन गेलेली असतात, खरी अडचण तिथं आहे.

मग अमेरिकेतल्या काही लोकांनी १९८७-८८ मध्ये सरळ काँगो गाठलं, तेव्हा त्याला झाईर म्हणायचे, आणि आतल्या गावांमधली शिकाऱ्यांकडची कुत्री आणली. क्लबने मागणी लावून धरली आणि १९९० मध्ये अमेरिकन केनेल क्लबने त्या कुत्र्यांसाठी बंद नोंदवही उघडली. केवढी मोठी गोष्ट आहे ही! ज्यांच्याकडे पिढ्यानपिढ्यांचे चॅम्पियन होते त्यांनी गावातल्या बिनकागदाच्या कुत्र्याला आपल्या बरोबरीचं मानलं. फॅन्कोनीची डीएनए टेस्ट २००७ मध्ये आली, पण त्याच्या कितीतरी आधीपासून लोक घरी लघवीत साखर बघायची पट्टी बुडवून बघत होते आणि एकमेकांना रिझल्ट सांगत होते. क्लबचं काम म्हणजे हे.

आपल्याकडे उलट फायदा आहे, आपलं काँगो आपल्या दारातच आहे. लातूर, नांदेड, धाराशिव, विजापूर, बागलकोट इकडे वाड्या-तांड्यांवर अजून अशी कुत्री आहेत ज्यांच्या कुठल्याही क्लबात नोंदी नाहीत आणि जी दिवसभर मेंढरांमागे फिरतात. नोंदवही जरूर ठेवा, पण ती बंद करायची घाई करू नका, आणि ग्रेहाउंडचा क्रॉस नको म्हणून डीएनए करायचा तर जरूर करा, फक्त तीच टेस्ट गावातल्या चांगल्या कुत्र्याला बाहेर ठेवायला वापरू नका.

आता तब्येतीचं, कारण याबद्दल मराठीत कुठं फारसं वाचायलाच मिळत नाही. नजरेनं शिकार करणाऱ्या या सडपातळ कुत्र्यांचं रक्त इतर कुत्र्यांसारखं नसतं. यावर जास्तीत जास्त अभ्यास ग्रेहाउंडवर झालाय, त्यांच्यात लाल पेशींचं प्रमाण साध्या कुत्र्यापेक्षा बरंच वर असतं, पन्नास-साठ टक्के हे नॉर्मल, प्लेटलेट्स कमी असतात, टी-फोर हे थायरॉइडचं हार्मोन कमी येतं, किडनीसाठी बघतात ते क्रिएटिनिन थोडं जास्त येतं कारण अंगात स्नायू जास्त. लॅबच्या छापील रेंजशी तुलना केली की निरोगी कुत्र्याला थायरॉइडची गोळी सुरू होऊ शकते, आणि याच्या बरोबर उलट धोका म्हणजे लाल पेशी चाळीस टक्क्यांपर्यंत खाली आल्यात, रिपोर्टवर नॉर्मल लिहिलंय, पण त्या कुत्र्याच्या हिशोबाने ते अशक्त झालेलं आहे. आपल्याकडे तर गोचीडतापाचं एवढं आहे, त्यात प्लेटलेट्स पडतात, मग मुळातच कमी आहेत की आजाराने पडल्या हे कसं ओळखणार? म्हणून माझं सगळ्यांना सांगणं आहे की कुत्रं ठणठणीत असतानाच एकदा पूर्ण रक्त तपासून तो रिपोर्ट जपून ठेवा. बिजलीचा फ्रीजवर लावलेलाच आहे, दरवर्षी नवीन.

दुसरं म्हणजे भूल. अंगावर चरबी जवळजवळ नाही आणि लिव्हर काही औषधं सावकाश बाहेर टाकतं, त्यामुळे थायोपेंटालसारख्या जुन्या औषधाने ही कुत्री तासन्‌तास शुद्धीवर येत नाहीत, जीवही जाऊ शकतो. नसबंदीसाठी नेताना डॉक्टरांना स्पष्ट सांगायचं की हे साइटहाउंड, म्हणजे नजरेनं शिकार करणारं कुत्रं आहे, वजन त्याच दिवशी करा, आणि भूल उतरेपर्यंत अंग गरम ठेवा, कारण चरबी नाही म्हणून ही लगेच गार पडतात. बिजलीच्या ऑपरेशनला आमच्या डॉक्टरांनी हे सगळं केलं, मी गोधडी घेऊन शेजारीच बसले होते.

पिल्लू घेणाऱ्यांसाठी, २०१७ पासून पैदाशीचे नियम आहेत, पैदास करणाऱ्याने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची, दीड वर्षाच्या आत मादी लावायची नाही, वर्षात एकच वेत, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही. विचारा हे सगळं, लाजू नका. आणि आई बघितल्याशिवाय पिल्लू उचलू नका, जमलं तर आजीसुद्धा.

लोहा तालुक्यात माळेगावला खंडोबाची यात्रा भरते, मार्गशीर्षात, तिथं घोड्यांबरोबर श्वान प्रदर्शनही असतं, आणि खंडोबाच्या पायाशी तर कुत्रं आहेच. एवढी कारवानी एका जागी क्वचितच येत असतील. तिथं बक्षिसाच्या टेबलाशेजारी अजून एक टेबल लावायचं, प्रत्येक कुत्र्याला ओळखीची मायक्रोचिप, रक्ताचा नमुना, रेबीज आणि पार्वो-डिस्टेंपरची लस, आणि मालकाशी बसून एक पानभर माहिती. निरोगी कुत्र्यांचे असे नमुने दोन-तीन यात्रांमध्ये गोळा झाले तरी कारवानीची स्वतःची रेंज तयार होईल आणि कुठल्याही तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टरला ग्रेहाउंडवरून अंदाज करायची वेळ येणार नाही. नांदेडमधले दोन पशुवैद्य आणि आम्ही काही कारवानीवाले यावर बोलतोय. तोपर्यंत ज्यांच्याकडे कारवानी किंवा पश्मी आहे त्यांनी एक साधी वही घाला, आई कुणाची, बाप कुणाचा, कुठल्या गावचं, वेत कधी झालं, किती पिल्लं जगली, कधी काय आजार झाला, आणि कुत्रं गेलं तर कशाने गेलं. हे शेवटचं कुणीच लिहून ठेवत नाही, आणि आम्हाला सगळ्यात जास्त तेच हवंय.