पन्नास शब्द आणि दुखरी नडगी

"पहिल्या दिवशी 50 जर्मन शब्द केले, सहाव्या दिवशी वहीच उघडली नाही." आज सकाळी मैदानावर कानावर पडलेलं वाक्य. बोलणारा नडगी चोळत बसला होता!

दुखणं एकच. पहिल्याच आठवड्यात रोज 10 किलोमीटर धावलं की नडगी धरते, कारण दम लवकर वाढतो, हाडं मागे राहतात. शब्दांचंही तेच: उद्या नवे 50, वर आजच्या 50ची उजळणी.

त्यापेक्षा सुरुवात थोडक्यात: 1 मिनिट धाव, 2 मिनिटं चाल, असं 8 वेळा, एक दिवसाआड. भाषेला रोज 10 शब्द. उजळणी दुसऱ्या, चौथ्या, आठव्या दिवशी. शब्द लिंगासकटच घ्यायचा. आपला दिवा 'तो', जर्मन 'लांपं' मात्र 'ती'. (नंतर बघू म्हणणारे इथेच अडखळतात.)

बूट रात्रीच दाराशी काढून ठेवता ना? मग वही कुठे असते?