कूपर लेकला बदकांच्या शिकारीला, आधी कागदपत्रं मग बंदूक

डॅलसच्या बाजूला राहणाऱ्या आपल्या बऱ्याच मंडळींना वाटतं शिकार म्हणजे कोणाचंतरी रँच लागतं, हजारो डॉलर भाडं. तसं नाहीये. जानेवारीच्या पहिल्या शनिवारी ऑफिसातल्या टेक्सन मित्राबरोबर जिम चॅपमन लेकला जाऊन आलो (सगळे जुन्या नावाने कूपर लेकच म्हणतात), साउथ सल्फर नदीवर आर्मी कोअरने (लष्कराच्या इंजिनियर खात्याने) धरण बांधलंय, आणि त्याच्या काठची कूपर डब्ल्यूएमए (वाइल्डलाइफ मॅनेजमेंट एरिया) ही सरकारी जमीन पब्लिकला शिकारीसाठी खुली आहे. आय-३० ने सल्फर स्प्रिंग्ज, तिथून हायवे १९ ने वर, दीड-पावणेदोन तास.

आता पैशांचं. रेसिडेंट हंटिंग लायसन्स २५ डॉलर (टेक्ससमध्ये सलग ६ महिने राहत असाल तर), अ‍ॅन्युअल पब्लिक हंटिंग परमिट ४८, स्थलांतरित पक्ष्यांचं एंडॉर्समेंट (लायसन्सवरची जादा परवानगी) ७, फेडरल डक स्टँप (पाणपक्ष्यांच्या शिकारीसाठी लागणारं केंद्र सरकारचं तिकीट) २५. झाले १०५, आणि लायसन्स, परमिट दोन्ही ३१ ऑगस्टला संपतात म्हणून सप्टेंबरमध्येच घ्या, वर्षभर पुरतं. २ सप्टेंबर १९७१ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना हंटर एज्युकेशनचा कोर्स लागतो, तो ऑनलाइन होतो. लायसन्सच्या काउंटरवरची बाई विचारते गेल्या वर्षी किती बदकं, किती पारवे मारले, तो एचआयपीचा (शिकारीची माहिती गोळा करण्याच्या कार्यक्रमाचा) सर्व्हे आहे, घाबरू नका, शून्य असेल तर शून्य सांगा. डक स्टँपचे २५ डॉलर मला कधीच जड वाटत नाहीत, त्यातले डॉलरमागे ९८ सेंट पाणथळ जागा वाचवायला जातात आणि हे १९३४ पासून चालू आहे.

एच-१बी, एल-१, एफ-१ वाल्यांनी हे नीट वाचा. फेडरल कायद्याने नॉन-इमिग्रंट व्हिसावर बंदूक हातात धरायलाच बंदी आहे, त्याला जे मोजके अपवाद आहेत त्यातला आपल्या कामाचा म्हणजे चालू हंटिंग लायसन्स. म्हणजे मित्राची बंदूक "जरा बघू" म्हणून घेण्याआधीसुद्धा लायसन्स खिशात हवं, मुदत संपलेलं चालत नाही.

पहाटे पाचला पार्किंगला पोचलो, ॲपवरून ऑन-साइट रजिस्ट्रेशन केलं. मित्राने ट्रकच्या मागच्या फळीवर जॅकेटचे सगळे खिसे रिकामे करायला लावले आणि हेडलॅम्पच्या उजेडात निघाली सप्टेंबरच्या पारव्यांच्या शिकारीतली उरलेली दोन शिशाची काडतुसं. बदकांसाठी शिसं चालतच नाही, स्टील वगैरेच, नुसती जवळ असली तरी दंड. बंदुकीत तीनपेक्षा जास्त काडतुसं मावणार नाहीत असा प्लग पण लागतो, तोही घरीच तपासा.

चिखल गुडघ्यापर्यंत, काठी न्याच. सूर्योदय साडेसातच्या सुमाराला, बार त्याच्या अर्धा तास आधीपासून. तासभर नुसती थापटे आणि गॅडवॉल ही बदकं बघत बसलो, याच जाती आपल्या उजनीवर हिवाळ्यात येतात, तिथे मी फक्त दुर्बिणीतून बघितलेल्या, आणि तिथे शिकारीला १९७२च्या वन्यजीव कायद्याने बंदी आहे ते बरोबरच आहे. अंधुक उजेडात जात ओळखू येत नसेल तर बार टाकू नका, दिवसाची लिमिट ६ असली तरी प्रत्येक जातीची वेगळी असते आणि ती दर सीझनला बदलते, छापील पुस्तिका बघूनच जा.

मी दोन गॅडवॉल नर पाडले, मित्राच्या लॅब्रॅडॉरने दोन्ही आणले. सोलायची घाई करू नका, घरी पोचेपर्यंत डोकं किंवा पिसांसकट एक पंख ठेवावाच लागतो, गेम वॉर्डनला (शिकारीचे नियम तपासणाऱ्या अधिकाऱ्याला) जात कळायला. बदकं मारत नसाल, झाडीत डुकरामागे वगैरे जाणार असाल तर मात्र भगवं जॅकेट आणि टोपी सक्तीची आहे. आणि स्टेट पार्कचे साउथ सल्फर, डॉक्टर्स क्रीक हे भाग वेगळे, तिथे मुक्काम करा पण हे परमिट तिथे चालत नाही, डब्ल्यूएमएच्या पाटीच्या आतच राहा.