पंखे पाचच, पण हवेची वाट बदलली

परभणीत एप्रिल-मे म्हणजे ऐन लग्नसराई, आणि त्याच दोन महिन्यांत पारा ४२ च्या पुढे. मी लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. गच्चीवरची पत्र्याची खोली हेच माझं ऑफिस, त्यामुळे सगळ्यात जड काम नेमकं सगळ्यात तापलेल्या खोलीत करावं लागतं.

गेल्या उन्हाळ्यात दुपारी रेंडर लावला, म्हणजे एडिट केलेल्या व्हिडिओची फाइल बनवायला घेतली, की कॉम्प्युटरच्या कॅबिनेटचे पंखे असे ओरडायचे की जिन्यापर्यंत आवाज जायचा. आई खालून विचारायची, “कामून इतकं ओरडायलंय रे ते?” सकाळी पाऊण तासात होणारा हायलाइट व्हिडिओ दुपारी सव्वा तास खायचा. टेम्परेचर दाखवणारं सॉफ्टवेअर टाकून पाहिलं, तर प्रोसेसर ९७ अंशांवर. इतकं तापलं की प्रोसेसर जळू नये म्हणून स्वतःच स्वतःचा वेग कमी करतो. वेळ त्यातच जात होता.

जो तो म्हणाला, अजून एक पंखा लाव. पण पाच आधीच होते: समोर दोन, मागे एक, वर दोन, सगळे १२० मिलिमीटरचे. बाजूचं झाकण काढून रेंडर लावला तर आकडा थेट ८५ वर आला. म्हणजे पंख्यांत दम होता, हवेला वाट मिळत नव्हती. झाकण उघडंच ठेवावं तर आमच्याकडची धूळ. आठवड्यात आत थर बसतो.

खरी गोष्ट धुळीनेच दाखवली. समोरची जाळी पाच महिन्यांत जवळपास स्वच्छ होती. धूळ साचली होती ती मागे, ग्राफिक्स कार्डाजवळच्या पट्ट्यांच्या फटींत, काळ्या रेघा ओढल्यासारखी. हवा आत येत होती, पण फटींतून.

देवघरातून उदबत्ती आणली, समोरच्या जाळीपाशी धरली. धूर आत ओढला जायला हवा होता. तो माझ्या तोंडावर आला! समोरचे दोन्ही पंखे उलटे बसवलेले होते, पाचही पंखे हवा बाहेरच फेकत होते. असेंब्ली करून देणाऱ्याने एकदा उदबत्ती धरली असती तर माझा एक उन्हाळा वाचला असता, याचा राग अजून आहे. ओळखायची खूण साधी आहे: पंख्याच्या ज्या बाजूला मधली मोटर धरणाऱ्या आडव्या काड्या असतात, त्या बाजूने हवा बाहेर पडते.

चार-चार स्क्रू काढून दोन्ही पंखे फिरवले. दुसऱ्या दिवशी दुपारी, खोली तशीच ३७ अंशांवर असताना, तोच व्हिडिओ लावला: ८८. खोलीचं तापमान मुद्दाम लिहून ठेवत होतो. पंख्याने प्रोसेसर खोलीपेक्षा गार होत नाही, त्यामुळे रात्रीचा आकडा दुपारच्या आकड्याशी ताडून काहीच कळत नाही.

मग उदबत्ती वर नेली. कॅबिनेटच्या छतावरचा पुढचा पंखा समोरून आलेली ताजी हवा प्रोसेसरपर्यंत पोचायच्या आधीच वर ओढून घेत होता. तो काढला आणि समोर खाली मोकळ्या जागी आत ओढणारा म्हणून लावला. आता तीन आत, दोन बाहेर. खालच्या पंख्याची हवा ग्राफिक्स कार्डाला मिळते, प्रोसेसरच्या कूलरचा पंखाही मागच्या पंख्याच्या रांगेत मागेच फुंकतो. प्रोसेसर ८४ वर आला, कार्ड ८३ वरून ७६ वर. सव्वा तासाचं काम पुन्हा पाऊण तासावर आलं.

आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा जास्त ठेवल्याचा दुसरा फायदा मला जास्त मोलाचा वाटतो. आतला दाब किंचित वाढतो, फटींतून हवा बाहेर जाते आणि धूळ जाळीवरच अडते. वायरी मागच्या बाजूला बांधून टाकल्या. त्याने आकडा फारसा हलला नाही, पण साफसफाई सोपी झाली. ब्लोअर मारताना पाती बोटाने धरून ठेवतो, नाहीतर ती भलत्या वेगाने फिरून बेअरिंग जातं. खोलीतल्या कूलरचा ओला झोत कॅबिनेटवर येऊ देत नाही, खिडकी उघडी ठेवतो.

समोरची जाळी आता दर रविवारी धुतो. पहिल्या रविवारीच बादलीतलं पाणी मातीच्या रंगाचं झालं होतं, आणि मागच्या फटी कोऱ्या होत्या.